सर्वसाधारण तापमान

चंद्रपूर, २५ नोव्हेंबर

प्रफुल,

जय भीम. हात सवयीने लिहून गेला. त्यात माझी खुशाली शोधू नकोस.

फोन करणार नाही. मी बोलायला लागले की तुझ्याकडची रेंज जाते. कागद पोचतो, आणि तो तुला मध्येच कापता येत नाही.

तुझा सुतार चैतू परवा आला. धान कापायला सुट्टी घेऊन आलाय. मुलचेऱ्याला घरी जायच्या आधी इथे उतरला, पाठीवर तुझं पोतं. लडाखपासून चंद्रपूरपर्यंत त्या माणसाने माती वाहून आणली आणि वाटेत एकदाही विचारलं नाही की कशासाठी. पोत्यात तुझी चिठ्ठी होती. ‘दुसऱ्या इमारतीच्या जागेची आहे. मागच्यासारखंच टेस्ट करून रिपोर्ट पाठव. घाई आहे.’

मागच्यासारखं म्हणजे कसं, ते मला माहीत नव्हतं. मागच्या मे महिन्यात मी माहेरी, सावलीला होते, आजारी बाबांच्या उशाशी. तू दहा दिवस चंद्रपूरला येऊन गेलास. त्यातला एक दिवस सावलीला आलास. मला वाटलं बाबांसाठी आलास, बाकीचे दिवस आईसाठी.

चैतूला चहा दिला. वसतिगृह कसं झालं, विचारलं.

“झकास झालं बाई. हिरवे पत्रे टाकले. पन दारं अडून राह्यली.”

“कोणती दारं?”

“उत्तरेकडची. खालची फरशी वर आली ना. म्या दोनदा रंधा मारला, पुन्हा अडते. भाऊ म्हणते, थंडीनं लाकूड फुगलं.”

त्याचा तुझ्यावर विश्वास आहे. तो सुतारकाम करतो, आणि तू त्याला लाकडाबद्दल खोटं सांगितलंस.

तुझी आई तिथेच मेथी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “थेच माती होय का, जे म्या सांडग्यांसंग पलटवली?”

मी म्हटलं, “काय पलटवलं?”

“थ्या मातीच्या कांड्या वं. पन्नीत बांधलेल्या. प्रफुलनं पत्र्यावर ठेवल्या होत्या, माह्या सांडग्यांच्या बाजूले. म्हणे, आई, रोज एकडाव फिरवजो. म्या फिरवल्या. सांडगे बी फिरवले.”

मी खाली आपल्या लॅबमध्ये जाऊन तुझ्या रिपोर्टची प्रत काढली. ‘नमुने सर्वसाधारण तापमानाला ठेवले.’ खाली माझा शिक्का, मी नसताना मारलेला.

कोणाचं सर्वसाधारण, प्रफुल? मे महिन्यात आपल्या पत्र्यावर हात ठेवला तर कातडी निघते. तिथे तू बर्फातली माती, चुना आणि राख मुरवलीस. आठवड्यात त्यांचा दगड झाला असेल. होणारच. राजुऱ्याच्या रस्त्याला आपण दोघांनी हेच केलं, काळ्या मातीत चुना आणि वीज केंद्राची राख घातली आणि निघून आलो. बाकीचं काम उन्हाने केलं. इथे ऊन इतकं असतं की ते मिश्रणातलं एक सामान आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. तू मिश्रण घेऊन गेलास. ऊन इथेच राहिलं.

आणि काम कधी केलंस? चैतू सांगतो, चुन्याचा थर टाकला तेव्हा सकाळी पाण्याच्या ड्रमवर बर्फाचा पापुद्रा धरत होता. त्या थंडीत चुना मातीला धरत नाही. नुसता पडून राहतो. म्हणजे भिंतीखाली आज तीच पिठासारखी माती आहे. तिच्यातून पाणी खालून वर चढतं, गोठतं, बर्फाचे थर धरतं. जमीन फुगते. दारं अडतात. हे तुला मी सांगायचं?

एक मार्चला तिथे चाळीस मुली राहायला येणार. तूच आईला फोनवर सांगितलंस. ती शेजारणींना सांगत फिरते, माह्या पोरानं पोरींसाठी घर बांधलं.

बर्फ आहे तोवर ते घर उभं राहील. एप्रिलमध्ये नाही. त्यांना तिथे आणू नकोस.

नव्या पोत्याचा रिपोर्ट मिळेल. मागच्यासारखा नाही.

नंदिनी


मुलचेरा, १४ डिसेंबर

प्रफुल,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी. त्यातल्या दोन हवामानाबद्दल.

तू लिहितोस की मी इथे बसून घाबरते. तू स्वतः उत्तरेकडच्या खोलीत फरशी काढून खालच्या थरावर हातोडी मारलीस. हातोडी उडून परत आली. ‘लोखंड आहे, नंदिनी.’

ते बर्फ आहे, प्रफुल. डिसेंबरात लडाखमध्ये चिखलावर हातोडी मारली तरी उडून परत येते. तू लॅबमध्ये माझ्या बाजूला बसून आठ वर्षं माती दाबलीस. ओली की सुकी, हे विचारल्याशिवाय कधी आकडा लिहिला नाहीस. मग आता काय झालं? की आकडा आवडला म्हणून विचारलं नाहीस?

हे पत्र मी बर्फाच्या कारखान्यात बसून लिहितेय. थंडी आणायची कुठून, हा प्रश्न होता. तुझ्या पोत्यातली माती, चुना आणि राख मिसळून केलेल्या दोन कांड्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवून पाहिल्या. आईने दार उघडलं आणि तिथेच उभी राहिली. “काऊन वं, मातीले फ्रिजमंधी ठेवते अन् माह्या पोराले बर्फात?” मग त्या काढून तिने दूध आत ठेवलं. फ्रिज तिचा आहे. मी काही बोलले नाही.

चैतूने या कारखान्याचं नाव सांगितलं. मालक बिश्वासबाबू. इथल्या बंगाली गावांतल्या तलावांतला मासा याच बर्फात बसून बाजाराला जातो. मी नमुन्यांचा अर्धा भाग लॅबमध्ये ठेवलाय आणि अर्धा इथे, बर्फाच्या लाद्यांमागे, जिथे थर्मामीटर तीन-चारच्या वर चढत नाही. तुझ्या तिथल्या ऑक्टोबरपेक्षा हे उबदारच आहे. मी तुला सवलत दिलीय.

बिश्वासबाबूंना आधी वाटलं मी सरकारी आहे. मग वाटलं वेडी आहे. आता त्यांना गंमत वाटते.

“मॅडम, आमचा मासा चार दिवसांत जातो. तुमची माती कधी जाणार?”

“जानेवारीत.”

“बापरे. वास येईल.”

“मातीला?”

“मातीला नाही. तुम्हाला.”

खरं आहे. बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसत नाही. आई म्हणते, घरात रोहूचा वास अन् ताटात वरण, असा कोणता न्याय? मागच्या आठवड्यात त्यांनी मला एक रोहू कागदात गुंडाळून दिली. ती शिजवली. आई दोन दिवस खूश होती. तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला आणि तिने तुला हे सगळं सांगितलं, तेव्हा तू हसलास म्हणे. खूप हसलास.

माझा एक प्रश्न आहे. यांगचेन मॅडमना तू दारांबद्दल काय सांगितलंस? त्या वसतिगृहाची संस्था चालवतात, मुली त्यांच्या नावावर घरून निघतात. त्यांनाही लाकूड सांगितलंस?

नंदिनी


चंद्रपूर, १२ जानेवारी

प्रफुल,

नमुने दाबले.

लॅबमध्ये ठेवलेले उत्तम. तुझ्या रिपोर्टइतकेच.

कारखान्यातले मशीनच्या पहिल्या चक्रात भुगा झाले. एक मी दाबला नाही. बादलीत पाण्यात सोडला आणि बघत बसले. आधी कडा गेल्या. मग मधून चिरला. मग बादलीत फक्त गढूळ पाणी होतं. चुना होता तसा वेगळा तळाशी बसला, पांढरा. त्याने मातीला हातही लावला नव्हता.

यात माझं कौतुक काही नाही. हे पुस्तकात आहे. आपण दोघांनी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि दोघांनाही वाटलं होतं की हे आपल्याकडे कधी लागणार नाही.

एक गोष्ट पुस्तकात नाही, कारण ती तुझ्या नकाशात आहे. दक्षिणेकडच्या खोल्यांना दिवसभर ऊन मिळतं. तिथे चुन्याने थोडं तरी धरलं असेल. उत्तरेकडे डोंगराची सावली. म्हणजे सगळी इमारत एकसारखी बसणार नाही. अर्धी उभी राहील आणि अर्धी खाली जाईल. मधल्या भिंतीचं काय होईल ते तू जाणतोस. मधल्या भिंतीला लागून तू पलंग मांडलेत. दुमजली. चैतूने बनवलेत ते. त्याला त्याचा अभिमान आहे.

महिन्याच्या शेवटापर्यंत तू यांगचेन मॅडमना स्वतः लिही. मे महिन्यातला रिपोर्ट चुकीचा होता, मागे घेतो, मुलींना आणू नका. एवढंच. माझ्या शिक्क्याबद्दल काही लिहू नकोस, तो माझ्यावर सोड.

नाही लिहिलंस तर मी लिहीन.

नंदिनी


चंद्रपूर, ६ फेब्रुवारी

प्रफुल,

तू लिहिलं नाहीस. मी लिहिलं. नमुन्यांचे फोटो जोडले, आकडे जोडले, सोप्या हिंदीत कारण लिहिलं. माझ्या लॅबने दिलेला रिपोर्ट मी मागे घेते, असं माझ्या सहीने लिहिलं. हे लिहिल्यावर माझ्या लॅबच्या शिक्क्याला जिल्ह्यात कोण विचारेल ते मला ठाऊक आहे. राजुऱ्याच्या रस्त्याचं पुढचं काम गेल्यातच जमा आहे. त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं नाही.

काल यांगचेन मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज छान आहे. मोठ्या बहिणीसारख्या बोलल्या. हिंदीत म्हणाल्या, “बेटा, मैंने प्रफुल से पूछा। उन्होंने सब बताया। घर का झगड़ा घर में रखिए। बच्चियों का इसमें क्या कसूर?”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कोणतं भांडण?

त्या लाजल्या. मग म्हणाल्या, आप दोनों का.

तू त्यांना काय सांगितलंस, ते मला शब्दशः ऐकायचं आहे. बायको आहे. दोन वर्षं वेगळी राहते. रागात आहे. मला इथे टिकू द्यायचं नाही म्हणून रिपोर्ट मागे घेते. असंच ना? की त्यात थोडी दयाही घातलीस? बाप गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही, असंही?

मी वेगळी राहते? मी इथेच राहते, प्रफुल. त्याच घरात, तुझ्या आईबरोबर, त्याच लॅबच्या वर. निघून गेलास तू. गेलास ते ठीक. काळ्या मातीत आयुष्य घालवायचं नाही म्हणालास, तेही ठीक. मी अडवलं नाही. तुझ्या आईने ट्रंकेत लोणचं भरलं आणि मी वर्तमानपत्र कोंबलं, बरणी फुटू नये म्हणून.

मी रागात आहे हे खरं आहे. पण बर्फाच्या कारखान्यात कांडी ठेवली तेव्हा ती माझ्या रागाने थंड झाली नाही. मशीनचा काटा माझ्याकडे बघून खाली आला नाही. तू मला हरवायला आपलं लग्न पुढे केलंस. एवढ्या वर्षांत मी तुझ्या हाताखालचा एक आकडा तरी असा फिरवला होता का? आपण जेवणावरून भांडत असू, तुझ्या नोकरीवरून, मूल नाही यावरून, आणि खाली लॅबमध्ये उतरलो की तू आकडा बोलायचास आणि मी लिहायचे. तिथे आपण कधी भांडलो नाही. मला वाटायचं तेवढी एक जागा शाबूत आहे.

ती तू विकली नाहीस, त्याहून वाईट केलंस. तिच्यावर माझी बायकी कटकट म्हणून पाटी लावलीस.

आणि लोकांनी विश्वास ठेवला. किती सहज. एका बाईने तीन पानं आकडे पाठवले आणि एक पुरुष एक वाक्य बोलला.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. पण फोन स्पीकरवर होता आणि तिला हिंदी येते. ती चुलीपाशी गेली—गॅस असून ती अजून चुलीपाशीच जाऊन बसते—आणि बराच वेळ आली नाही. मग आली आणि म्हणाली, “त्याले सांग, आई म्हणते तू खोटारडा होय.”

मी म्हटलं, “तुम्हीच सांगा फोनवर.”

“मी नाई बोलत. माहा आवाज आयकला का थो लाडात येते.”

म्हणून लिहितेय. आई म्हणते तू खोटारडा आहेस. हा निरोप माझा नाही. माझा याहून वाईट आहे, पण तो कागदावर लिहिण्यासारखा नाही.

मुली एक मार्चलाच येणार, असं यांगचेन मॅडम म्हणाल्या. छान आवाजात.

नंदिनी


चंद्रपूर, १७ फेब्रुवारी

प्रफुल,

हे चैतूच्या हाती देतेय. संस्थेने त्याचं विमानाचं तिकीट काढलंय, पलंगांचं उरलेलं काम करायला. मी त्याला सगळं सांगितलं. लाकडाचंही. तो म्हणाला, “म्हंजे म्या दार उगाचच तासलं.” तुझ्यावर चिडला नाही. दाराचं वाईट वाटलं त्याला.

मी त्याला म्हटलं, तू जाऊ नकोस. तो म्हणाला, “पोरी येऊन राह्यल्या ना बाई. कोनी तरी पायजे तिथी.” मग आईने त्याला तिखटाची पिशवी दिली आणि तो म्हणाला, “थे विमानात हातातल्या पिशवीत नाई चालत, मायबाई. मागच्या डावले माह्यापासून काढून घेतली. बॉम्ब चालन, म्हणे, मिरची नाई.” आई म्हणाली, “त मंग पायजम्यात लपव.” तो हसत हसत गेला. तिखट त्याने मोठ्या बॅगेत टाकलंय. सोबत लोकरीचे मोजे आहेत. आईने दिलेत असं समज.

आता ऐक. मी तुला शेवटचं काही सांगतेय आणि यात माझा एकही आकडा नाही.

माझे नमुने खोटे आहेत, असं धर. बर्फाचा कारखाना मासळीबाजार आहे, असं धर. मी वेडी आहे, असंही धर. तू तुझी माती घे. उत्तरेकडच्या खोलीतली फरशी एकदा काढलीच आहेस, पुन्हा काढ. पहार मार आणि खालच्या थराचं एक ढेकूळ फोडून घे, मुठीएवढं. तेच, ज्याच्यावर हातोडी उडाली. ते एका पलेटीत ठेव. पलेट शेगडीजवळ ठेव. आणि समोर बस.

दुसरं काही करायचं नाही. मशीन लागत नाही, शिक्का लागत नाही, मी तर नकोच आहे.

ते ढेकूळ ऊब लागल्यावरही ढेकूळ राहिलं, तर तू बरोबर. चुन्याने धरलंय. मग मुलींना आण, आणि मी यांगचेन मॅडमना लिहीन की होय, हे आमचं घरचं भांडण होतं, मला माफ करा. माझ्या सहीने लिहीन. हा शब्द देते.

आणि नाही राहिलं, तर तुला कळेल.

तू हे करणार नाहीस असं मला वाटतं. तुला आत कुठेतरी माहीत आहे म्हणूनच तू डिसेंबरात हातोडी मारून थांबलास. ढेकूळ घरात आणलं नाहीस. चांगला इंजिनियर आणतो. तू चांगला होतास. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. तू अडाणी असतास तर मी तुला एवढी पत्रं लिहिली नसती, सरळ पोलिसांना लिहिलं असतं.

चैतूला सांगितलंय, मुली आल्या तर त्यांना दक्षिणेकडच्या खोल्यांत झोपव. मधल्या भिंतीपासून लांब. तो म्हणाला, दक्षिणेकडे चाळीस पोरी मावणार नाहीत. मी म्हटलं, दाटीने झोपव.

हे मला एका सुताराला सांगावं लागतंय.

नंदिनी


चंद्रपूर, ३ मार्च

प्रफुल,

चैतूचा फोन आला. त्याला गावात रेंज मिळाली, तुला अजूनही मिळत नाही.

त्याने सगळं सांगितलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं. तू काय काय केलंस ते तुला माहीत आहे, पण चैतूच्या तोंडून ते कसं दिसतं हे तुला कळावं म्हणून लिहिते.

“पयले त भाऊनं चिठ्ठी वाचून खिशात टाकली. म्हणे, पलंगाचं काम कर. दोन दिवस तसाच. जेवे नाई धड. मंग तिसऱ्या दिवशी सब्बल घेतली अन् खोलीत गेला. मी धरतो म्हनलं त नको म्हणे. एकटाच खोदला. ढेकूळ काढलं, पलेटीत ठेवलं. म्या म्हनलं, इथीच शेगडी आहे भाऊ. थो म्हणे, इथी नाई.”

“मग?”

“मंग गेला ना पलेट घेऊन. आंगनातून. रस्त्यावरून. मी मांगं मांगं. लोक पाहे, का हा इंजिनियर पलेटीत काय वाढून घेऊन चालला. सरळ मोठ्या मॅडमच्या हापिसात. त्याहीच्या टेबलावर ठेवली, शेगडीच्या बाजूले. मॅडम म्हणे, ये क्या है? भाऊ म्हणे, हॉस्टेल है.”

चैतू इथे हसला. मी नाही हसले. नंतर आईला सांगताना थोडी हसले.

“मंग?”

“मंग काई नाई. बसलो. मॅडमनं चहा मांगवला, त्याहीचा थो खारा चहा. मले त थो जात नाई, पन मुकाट्यानं पेलो. ढेकूळ चमकून राह्यलं होतं. मंग घाम आल्यावानी झालं. मंग एका बाजूनं बसलं. अन् मंग बाई, भसकन गेलं. चिखलाचा काला झाला काला. पानी पलेटीच्या काठावरून कागदावर आलं. मॅडमनं कागद उचलले नाई. पाहतच राह्यल्या.”

“आणि भाऊ?”

“भाऊ म्हणे, बच्चियों को मत लाइए. मॅडम म्हणे, आपकी पत्नी ने यही लिखा था. भाऊ म्हणे, हाँ. मॅडम म्हणे, आपने तो कहा झगड़ा है. भाऊ म्हणे, झगड़ा भी है. वो अलग है.”

मी विचारलं, मुली कुठे आहेत?

मुलींना शाळेच्या वर्गांत ठेवलंय, असं तो म्हणाला. बाकं बाहेर काढली आणि गाद्या टाकल्या. त्यांना मजा वाटतेय. तुझं काम गेलं की राहिलं ते त्याला माहीत नाही. यांगचेन मॅडमनी तुला जायला सांगितलं नाही, एवढं त्याने पाहिलं.

तू हे केलंस. ते एकट्याने शेगडीपाशी बसून करता आलं असतं, आणि ढेकूळ विरघळल्यावर पलेट धुऊन ठेवता आली असती. तू ती रस्त्यावरून नेलीस. ते मला दिसलं. पण त्यासाठी मी तुला शाबासकी देणार नाही. चाळीस मुलींना मरू दिलं नाही, याची शाबासकी नसते. आणि मी जे खोटं ऐकून घेतलं ते त्या पलेटीत विरघळलेलं नाही. ते अजून इथे आहे. ते कधी जाईल ते मी तुला सांगणार नाही, मलाही माहीत नाही.

आता काम.

बर्फ घट्ट आहे तोवर उत्तरेकडचे पत्रे आणि वासे उतरव. मधली भिंत वरून खाली, हाताने उतरव, दगड वाचव. जमीन मऊ व्हायला लागल्यावर कोणालाही त्या भागात पाय ठेवू देऊ नकोस, स्वतःलाही. मेमध्ये पाणी ओसरलं की खोद. छातीइतकं खोल, म्हणजे थंडी जिथवर उतरते त्याच्या खाली. ती पिठासारखी माती एक घमेलंही आत ठेवायची नाही. नदीतले गोटे आण, धुऊन आण, त्यांच्यात बारीक माती राहिली तर पुन्हा पाणी वर चढेल. वरच्या अंगाला चर खण, म्हणजे डोंगराचं पाणी इमारतीखाली यायच्या आधी वळेल. चुना वापरायचाच असेल तर जूनमध्ये, ऊन असताना, आणि रात्री वर गवत आणि ताडपत्री. ऑगस्टनंतर चुन्याचं पोतं उघडायचं नाही. कोणी कितीही घाई केली तरी. नमुने तिथेच ठेव, तिथल्या सावलीत. चंद्रपूरला पाठवू नकोस.

दक्षिणेच्या खोल्या राहतील की नाही ते माहीत नाही. तिथलंही एक ढेकूळ काढून बघ. घाबरू नकोस. घाबर, पण बघ.

दुसऱ्या इमारतीचं यंदा नाव काढू नकोस.

आई म्हणते, त्याले म्हणाव ये घरी, खाऊन पिऊन जाय. तिचं तिने सांगितलं, मी लिहिलं. माझ्याकडून असं काही नाही. मला तुझं पत्र नको, फोन नको, माफी तर नकोच, ती तू फार चांगली लिहिशील.

खोदून झालं की खड्ड्याचा फोटो पाठव. आत पट्टी उभी धरून, खोली दिसेल असा.

खड्ड्याचा. तुझा नको.

नंदिनी